मोटारीच्या कारखान्यात काय पाहावे

श्रोतेहो, नमस्कार.

पहाट सरता सरता पुण्यातल्या कोणत्याही मोठ्या चौकात कंपनीच्या बसची वाट पाहत उभी असलेली माणसे आपण रोज पाहतो. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९६६ साली टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, पुण्यात आली आणि पुढच्या काही दशकांत पिंपरी-चिंचवडपासून चाकण, तळेगाव, रांजणगावपर्यंत वाहन उद्योग पसरत गेला. ऑस्ट्रेलियातील निसान कंपनीच्या बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रसामग्री सुटी करून जहाजाने पुण्याला आणली गेली आणि तिच्यावर इंडिका ही गाडी तयार होऊ लागली, हा १९९८च्या आसपासचा इतिहास आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांदेखत घडला. असे असूनही, ज्या घरातील कर्त्या माणसाने तीस वर्षे फर्स्ट शिफ्ट आणि सेकंड शिफ्ट केली, त्या घरातल्या मंडळींनी त्याच्या कामाची जागा एकदाही पाहिलेली नसते. म्हणून आज मी मोटारीचा कारखाना पाहायला गेल्यावर नेमके काय पाहावे, याविषयी बोलणार आहे.

चाकणच्या एका कारखान्यात तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांबरोबर जाण्याचा योग मला नुकताच आला. गेटवर मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली जाते, पायांत सेफ्टी शूज आणि डोळ्यांवर गॉगल चढवला जातो आणि जमिनीवर रंगवलेल्या दोन पट्ट्यांच्या आतूनच चालायचे, अशी ताकीद मिळते. सोबतचा मार्गदर्शक बहुधा यंत्रमानवांची संख्या आणि दिवसाला किती गाड्या निघतात याचे आकडे सांगतो. ते ऐकावे, पण आपले लक्ष मात्र एका प्रश्नावर ठेवावे: एखादी चूक झालीच, तर ती पुढच्या टप्प्यावर जाऊ नये यासाठी इथे काय केलेले आहे? माझ्या मते हा प्रश्न मनात धरून फिरले की सारा कारखाना उलगडत जातो.

प्रेस शॉपमध्ये पोलादी पत्र्याची कित्येक टन वजनाची गुंडाळी उलगडून कापली जाते आणि डायखाली, म्हणजे साच्याखाली, दाबून तिची दारे, छत, बॉनेट तयार होतात. पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो, त्यामुळे डायवर राहिलेला धातूचा बारीकसा कणही त्यावर उठतो. प्रेसच्या टोकाला प्रखर दिव्यांखाली उभी असलेली एक तरुणी हातमोजा घातलेला तळवा दाराच्या पत्र्यावरून सावकाश, एका लयीत फिरवत होती. एका जागी तिचा हात थांबला, मागे आला, पुन्हा त्याच जागेवरून गेला आणि तिने तिथे खुणेच्या पेन्सिलीने गोल काढला. आम्ही सगळे वाकून पाहत होतो, पण कोणालाही तिथे काही दिसेना. तिने पत्र्यावरून ऑइल स्टोन, म्हणजे धार लावण्याचा सपाट दगड, हलकेच घासला, तेव्हा त्या ओरखड्यांमध्ये तिळाएवढा उंचवटा उमटला. रंग चढल्यावर उन्हात तो स्पष्ट दिसला असता. ही जाण बोटांत यायला काही महिने लागतात, असे तिने सांगितले.

पुढे वेल्ड शॉप येते. फेरीत लोक सर्वाधिक वेळ रेंगाळतात ते इथेच, कारण केशरी रंगाचे यंत्रमानव ठिणग्या उडवत एकाच वेळी गाडीच्या सांगाड्यावर झुकलेले पाहणे खरोखरच थरारक असते. तांब्याची दोन टोके पत्रे दाबून धरतात, त्यांतून क्षणभर हजारो अँपिअरचा प्रवाह जातो, पत्रे जिथे एकमेकांना टेकलेले असतात तिथे धातू वितळतो आणि थिजून एक होतो. एका गाडीवर असे काही हजार ठिपके असतात. वेल्डिंग नीट झाले की नाही, हे मात्र वरून दिसत नाही. म्हणून बाजूला एक कामगार छिन्नी आणि हातोडी घेऊन ठिपक्यांच्या मधल्या फटीत छिन्नी ठोकून पाहतो. जोड कच्चा असेल तर पत्रे सुटे होतात. शिवाय ठराविक काळाने एक अख्खा धडधाकट सांगाडा बाजूला काढून त्याचा एकेक जोड फाडून तपासतात. विद्यार्थ्यांना ही नासाडी वाटली. पुढच्या शेकडो गाड्यांमध्ये बसणाऱ्या माणसांची सुरक्षितता त्या एका सांगाड्यावर पारखली जाते, हे त्यांना समजावून सांगावे लागले.

पेंट शॉपमध्ये पाहुण्यांना सहसा आत नेत नाहीत, कारण कपड्यांवरची धूळ आणि तंतू रंगाला चालत नाहीत. काचेतून जेवढे दिसते तेवढ्यातही सांगाडा रंगाच्या हौदात संपूर्ण बुडवतात ते चुकवू नये. विजेच्या प्रवाहामुळे तो पहिला थर जिथे फवारा पोहोचणार नाही अशा सांदीकोपऱ्यांतही जाऊन बसतो आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत गाडी गंजापासून टिकते ती प्रामुख्याने त्याच्यामुळे.

असेंब्ली लाईनवर मात्र शांतपणे उभे राहावे. १९१३ साली हेन्री फोर्ड यांच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकती लाईन आली आणि साडेबारा तासांची चॅसिसची, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याची, जुळणी वर्षभरात दीड तासावर आली, हे आपण शाळेत वाचलेले असते. आजच्या लाईनवर एकामागून एक येणाऱ्या दोन गाड्या एकसारख्या नसतात; एक पांढरी डिझेल, तिच्या मागे लाल पेट्रोल, मग उजवीऐवजी डावीकडे स्टिअरिंग असलेली निर्यातीची. प्रत्येकीची दारे काढून वेगळ्या लाईनवर गेलेली असतात आणि ती शेवटी त्याच गाडीकडे परत येतात. आसने आसपासच्या पुरवठादाराकडून नेमक्या त्याच क्रमाने, थोडा वेळ आधी पोहोचतात. चाकण-शिक्रापूर रस्त्यावरच्या वाहतूक कोंडीचा फटका कारखान्याच्या आत कसा पोहोचतो, हे इथे उभे राहिल्यावर कळते आणि त्या रस्त्यांचा प्रश्न इतकी वर्षे रेंगाळू देणे आपल्याला परवडणारे नाही, असे मला मनापासून वाटते.

लाईनवरच्या प्रत्येक ठाण्यावर, म्हणजे कामाच्या ठरलेल्या जागेवर, डोक्याच्या वर अडचण आल्यास ओढायची एक दोरी असते. तिच्याकडे बारकाईने पाहावे. आसनाचा बोल्ट आवळणाऱ्या हत्याराला ठरलेला पीळ (टॉर्क) मिळाला की हिरवा दिवा लागतो. एकदा तो लागला नाही. एकवीस-बावीस वर्षांच्या त्या ट्रेनी मुलाने क्षणाचाही विचार न करता दोरी ओढली. एक धून वाजू लागली, फलकावर त्या ठाण्याचा क्रमांक पिवळा झाला, टीम लीडर धावत आला, दोघांनी वाकून बोल्ट काढला, नवा लावला आणि गाडी ठाण्याची हद्द ओलांडण्याआधी धून थांबली. तोवर दुरुस्ती झाली नसती, तर सगळी लाईन थांबली असती. धागा तुटताच आपोआप थांबणारा माग जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी विकसित केला. तोच विचार पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यात आणि तिथून जगभर गेला. त्या मुलाला कोणी रागावले नाही, ‘तुझ्यामुळे उशीर झाला’ असे म्हटले नाही. जिथे थांबवणाऱ्याला बोलणी बसतात, तिथे दोऱ्या बांधून उपयोग नसतो, कारण तिथला माणूस सैल बोल्ट तसाच पुढे ढकलतो. म्हणून दोरी ओढल्यानंतर त्या माणसाशी कोण कसे बोलते, यावरून मी त्या कारखान्याची पारख करतो.

लाईनच्या टोकाला इंजिन पहिल्यांदा सुरू होते, चाकांची आणि दिव्यांची दिशा जुळवतात, रोलरवर ब्रेक तपासतात, जोरदार पाण्याच्या माऱ्याखाली गळती शोधतात आणि मग गाडी चाचणीच्या ट्रॅकवर जाते.

शाळा-महाविद्यालयांनी संस्थेच्या पत्राने आगाऊ विनंती केल्यास अनेक कारखाने अशी भेट घडवून आणतात. शिक्षकांनी ती संधी जरूर घ्यावी. व्यवस्थापनांना मात्र माझी आग्रहाची विनंती आहे, की कामगारांच्या कुटुंबीयांनाही आत बोलवावे. काही ठिकाणी असा दिवस पाळतात, पण तो बहुधा सुट्टीचा असतो आणि लाईन बंद असते. तो कामाच्या दिवशी ठेवावा, म्हणजे आईवडिलांना, पत्नीला, मुलांना आपल्या माणसाचे हात प्रत्यक्ष कामात पाहता येतील.