सलग नोंदींचं मोल

श्रोतेहो, नमस्कार.

सायबेरियातल्या बैकल सरोवरावर 1945 साली जीवशास्त्रज्ञ मिखाईल कोझोव्ह यांनी एक काम हाती घेतलं. ठरलेल्या एकाच जागी दर आठ-दहा दिवसांनी जायचं, वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी काढायचं, त्याचं तापमान आणि त्यातले सूक्ष्म जीव नोंदवायचे. हिवाळ्यात बर्फ फोडूनसुद्धा! त्यांच्यामागे त्यांच्या कन्येनं आणि मग नातीनं हे काम चालू ठेवलं. साठ वर्षांच्या या नोंदींवरचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. वरच्या थरातलं पाणी 1 अंश सेल्सिअसहून अधिक तापलं होतं. एवढ्या अथांग सरोवरावर हवामानबदलाचा परिणाम इतक्यात दिसणार नाही, असा तोवर समज होता.

तळ्याचं पाणी दरवर्षी थोडंफार बदलतंच. दोन-तीन वर्षांच्या आकड्यांवरून नेहमीचा चढउतार कोणता आणि खरा बदल कोणता, हे ओळखता येत नाही. संशोधनाचा निधी मात्र बहुधा तेवढ्याच मुदतीचा असतो, याचं मला फार वाईट वाटतं.

अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरालगत वॉशिंग्टन सरोवर आहे. सांडपाण्यामुळे 1955 च्या सुमारास तिथे ऑसिलेटोरिया हे नील-हरित शेवाळ माजलं. 1963 ते 1968 या काळात सांडपाणी दुसरीकडे वळवलं आणि पाणी निवळलं. काम फत्ते म्हणून वह्या मिटल्या असत्या, तरी कुणी दोष दिला नसता. पण या सरोवराचे अभ्यासक डब्ल्यू. टी. एडमंडसन मोजत राहिले. 1976 साली डाफ्निया हा शेवाळ खाणारा इवलासा जीव एकाएकी उदंड झाला आणि पाणी आणखीच नितळ झालं. त्याला खाणारी बारीक कोळंबी तर साठच्या दशकातच घटली होती. मग तो इतका उशिरा का वाढला? डाफ्निया पाण्यातून अन्न गाळून घेतो, त्यात ऑसिलेटोरियाचे तंतू अडथळा करत होते, ते सरल्यावरच त्याला वाव मिळाला. शेवाळ आणि कोळंबी या दोन्हींच्या जुन्या नोंदी होत्या, म्हणून हा उलगडा झाला.

कॅनडातल्या प्रायोगिक सरोवरांपैकी 227 क्रमांकाच्या सरोवरात 1969 पासून मुद्दाम खत टाकून पाहणी चालली आहे. 1990 पासून त्यातला नायट्रोजन बंद केला, फक्त फॉस्फरस ठेवला. तरीही शेवाळ फोफावतच राहिलं, कारण काही नील-हरित शेवाळं हवेतला नायट्रोजन वापरू शकतात. 2012 साली सरकारनं ही प्रायोगिक सरोवरं सांभाळणाऱ्या संशोधन केंद्राचा निधी थांबवायचं ठरवलं. शास्त्रज्ञांनी आणि नागरिकांनी जोरदार विरोध केला आणि 2014 साली एका स्वतंत्र संस्थेनं केंद्र चालवायला घेतलं. तिथली मोजणी आजही चालू आहे.