‘दुखतंय’ एवढंच सांगून भागत नाही

(कॅमेऱ्याकडे बघत)

संभोगाच्या वेळी दुखतं हे बऱ्याच बायका नवऱ्याला सांगतच नाहीत. ज्या सांगतात, त्या ‘दुखतंय’ म्हणून गप्प बसतात. मग तो एक तर हिरमुसतो, हिला मी नकोसा झालोय असं धरून चालतो, नाहीतर ‘होईल सवय’ म्हणत पुढे रेटतो. सवय वगैरे काही होत नाही. उलट पुढच्या वेळी स्पर्श व्हायच्या आधीच योनीभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि आवळल्यामुळे अजून दुखतं.

म्हणून तीन गोष्टी सांगायच्या: कुठे, कधी, कसं.

कुठे, म्हणजे योनीच्या तोंडाशी की आत खोल? तोंडाशी चरचरत असेल तर कोरडेपणा, जंतुसंसर्ग किंवा हे आवळलेले स्नायू. खोलवर, आत काहीतरी आदळल्यासारखं वाटत असेल तर कधीकधी नुसती स्थिती बदलून फरक पडतो. पण पाळीतही जीव जाईल असं दुखत असेल, तर एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं, आहे का ते तपासून घ्या. कधी, म्हणजे आत जातानाच, मध्येच, की उरकल्यावर तासभर? आणि कसं? आग होते, टोचतं, की आत भिंत असल्यासारखं अडतं?

कोरडेपणावर जरा थांबू, कारण भांडणं इथेच होतात. ओलावा आला नाही म्हणजे इच्छा नाही, असं समीकरण नाहीये. बाळाला अंगावर पाजत असताना आणि रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन, म्हणजे योनीचा ओलावा टिकवणारं संप्रेरक, कमी असतं. ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही कोरडं पडतं. डिप्रेशनच्या काही औषधांनीसुद्धा, पण ती आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

(ट्यूब दाखवत)

हे पाण्याचा बेस असलेलं ल्युब्रिकंट, म्हणजे वंगण. नाण्याएवढं घ्या, दोघांनीही लावा. मध्येच चिकट झालं की दोन थेंब पाणी, नाहीतर पुन्हा थोडं. सिलिकॉनचं जास्त वेळ टिकतं. थुंकी लगेच सुकते, तिच्यावर भिस्त नको. लेटेक्सचा कंडोम वापरत असाल तर तेल आणि व्हॅसलिन लांब ठेवा, काही मिनिटांत रबर कमजोर होतं. योनीत लावायच्या बुरशीवरच्या काही क्रीमनेही तेच होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. वासाचं, गरम वाटणारं काही घेऊ नका. आधीच चरचरतंय, त्यात भर कशाला?

आता बोलायचं कधी? पलंगावर नाही, नुकतं दुखलेलं असताना तर नाहीच. चालायला गेलात की बोला. शेजारी शेजारी असताना डोळ्यांत बघावं लागत नाही, तोंड सहज उघडतं. वाक्य असं: ‘आत जाताना खालच्या बाजूला आग होते, अगदी सुरुवातीलाच. पुढच्या वेळी आधी जास्त वेळ घेऊ, आणि मी सांगेपर्यंत आत नको.’

ऐकणाऱ्यासाठी एकच सूचना. ‘मग आधी का नाही बोललीस?’ हे तोंडातून काढू नका, बोलणं तिथेच संपतं. विचारा, ‘नक्की कुठे, दाखवशील?’ आणि ‘थांब’ म्हटल्यावर लगेच थांबायचं, ‘एकच मिनिट’ नाही.

पुरुषांनाही दुखतं. लिंगाच्या टोकावरची कातडी मागे सरकत नसेल किंवा सरकताना चिरा पडत असतील, तर तेही बोला आणि दाखवून घ्या.

संभोगानंतर रक्त, वास येणारा स्राव, तापासोबत ओटीपोटात दुखणं, यात घरगुती उपाय नकोत. बोटही आत जात नसेल, तर तो व्हजायनिस्मस असू शकतो, म्हणजे योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जाणं. त्यावर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची (पेल्व्हिक फ्लोअर) फिजिओथेरपी आणि डायलेटर असतात: सगळ्यात बारीक नळीपासून सुरुवात, ती न दुखता राहिली की मगच पुढची. यात आठवडे जातात, काहींना महिने. तेवढे दिवस संभोगाला सरळ सुट्टी द्या, बाकीची जवळीक चालू ठेवा. आणि तपासणीच्या वेळी ‘लहान स्पेक्युलम वापरा, मी म्हटलं की थांबा’ असं (स्पेक्युलम म्हणजे आत तपासायला योनी उघडी धरणारं उपकरण) डॉक्टरांना आधीच सांगायला काहीच हरकत नाही.