शेवटची ओळ सोडा, वर बघा

मंडळी, आपल्या इंदुरात बऱ्याच पोरांकडे दादाचा नाहीतर ताईचा जुना लॅपटॉप येतो, त्यावर उबंटू, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट लिनक्स सिस्टिम, टाकतात, आणि मग एक दिवस काहीतरी इन्स्टॉल करायला गेलं की लाल अक्षरं येतात. पोरगं काय करतं, तर शेवटची ओळ कॉपी करून सर्च करतं. ती ओळ असते 'सबप्रोसेस डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड वन'. डीपीकेजी म्हणजे उबंटूत पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा गठ्ठा, बसवणारा प्रोग्राम. ओळीचा अर्थ एवढाच की त्याचं काम फसलं, का फसलं ते त्यात नाहीच. कारण वर असतं, पहिली तक्रार जिथे आली तिथे. स्क्रोल करून वर जा, नाहीतर व्हार लॉग ॲप्ट ह्या फोल्डरमधली टर्म डॉट लॉग ही नोंदींची फाइल उघडा, सगळं तिथे लिहिलेलं असतं.

डीपीकेजी दोन टप्प्यांत काम करतं, आधी फाइली उलगडायच्या, मग पॅकेजची स्क्रिप्ट चालवून सेटिंग करायचं, आणि ही स्क्रिप्ट पडली की पॅकेज अर्धवट राहतं, मग पुढे तुम्ही दुसरंच काही टाकायला गेलात तरी ॲप्ट, म्हणजे पॅकेजं आणून डीपीकेजीकडे देणारा प्रोग्राम, आधी त्या अर्धवटाकडे वळतो. म्हणून पोरं म्हणतात, मी तर प्लेअर टाकत होतो, कर्नलचा एरर कसा आला? आला कारण कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ज्यात असतं तो डिस्कचा कप्पा, बूट पार्टिशन, भरलंय! डिस्कवर भरपूर जागा असू दे, बूट वेगळं असेल तर जुनी कर्नलं साठून ते एकटंच भरतं. टर्मिनलमध्ये डीएफ डॅश एच करून बघा, कुठे किती जागा उरली ते दिसतं. ॲप्टच्या ऑटोरिमूव्हने, म्हणजे गरज नसलेली पॅकेजं काढणाऱ्या कमांडने, बहुतेक वेळा सुटतं, पण हाताने फाइली उडवायच्या नाहीत, आणि यूनेम डॅश आर जे कर्नल दाखवतं, म्हणजे आत्ता चालू असलेलं, त्याला तर हातच लावायचा नाही.

आता लॉकचं. 'कुड नॉट गेट लॉक' आलं, म्हणजे दुसरा कुठला प्रोग्राम आधीच इन्स्टॉलचं काम धरून बसलाय, की नेटवरचा कोणीतरी सांगतो लॉक फाइल डिलीट कर. कृपा करून हे करू नका. मशीन सुरू झाल्यावर उबंटू स्वतःच मागे सिक्युरिटी अपडेट घेत असतं, तुम्ही फाइल उडवली तर दोन जण एकाच वेळी डीपीकेजीच्या स्टेटस फाइलमध्ये लिहायला लागतात, आणि काय काय इन्स्टॉल आहे ह्याची सगळी नोंद तीच फाइल ठेवते. थांबा थोडं. मधेच लाइट जाऊन काम तुटलंच तर डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए ही कमांड अर्धवट पॅकेजं पूर्ण करते, त्यासाठीच आहे. आणि स्टेटस फाइल खरंच बिघडली तर शेजारीच स्टेटस-ओल्ड असते, व्हार बॅकअप्समध्येही जुन्या कॉप्या असतात.

404, म्हणजे सर्व्हरवर फाइल सापडली नाही, असा एरर आला तर आधी ॲप्ट अपडेट करा, तुमच्याकडची यादी जुनी झालेली असते. तरी येतोय? मग उबंटूची आवृत्ती बघा, एलटीएस, म्हणजे लांब मुदतीच्या सपोर्टची, नसलेलीला फक्त 9 महिने सपोर्ट मिळतो, नंतर तिची पॅकेजं ओल्ड-रिलीझेस सर्व्हरवर हलवतात. आणि 'रिलीझ फाइल अजून व्हॅलिड नाही' असं म्हणत असेल तर घड्याळ बघा, जुन्या लॅपटॉपची छोटी बॅटरी गेली की तारीख मागे जाते.

'हेल्ड ब्रोकन पॅकेजेस', म्हणजे पॅकेजं एकमेकांशी जुळत नाहीत, हे मात्र जास्त वेळ खातं. बहुतेकदा कुठला तरी पीपीए, म्हणजे उबंटूबाहेरच्या कोणाचा पॅकेजांचा साठा, जोडलेला असतो, त्याची लायब्ररी एका व्हर्जनची आणि उबंटूला हवी दुसरी. ॲप्ट पॉलिसी आणि पुढे पॅकेजचं नाव, कुठलं व्हर्जन कुठून येतंय ते दिसतं. फोर्स लावून बसवायचं नाही, बसेल आज, पण पुढचं प्रत्येक अपडेट तिथेच अडकेल.

चला, ज्यांचं मशीन आत्ता अडकलंय त्यांनी पुढे या, टर्म डॉट लॉग उघडा आणि पहिला एरर सगळ्यांना वाचून दाखवा.