ब्लेनमच्या अमेरिकन सुना

६ नोव्हेंबर १८९५. न्यूयॉर्कचं सेंट टॉमस चर्च. पाहुणे येऊन बसलेत, बाहेर बघ्यांची झुंबड उडाली आहे, आणि नवरीचा पत्ता नाही. वीसेक मिनिटांनी ती आली. डोळे रडून सुजलेले.

कॉन्सुएलो व्हँडरबिल्ट, वय अठरा. नवरदेव मार्लबरोचा नववा ड्यूक. तिचं मन विन्थ्रप रदरफर्ड नावाच्या तरुणात गुंतलं होतं. पण आई आल्वानं तिला घरात जवळजवळ कोंडून ठेवलं, त्या मुलाला गोळी घालीन अशी धमकी दिली. मग आईला हृदयविकाराचा झटका आल्याचं सांगण्यात आलं. मुलगी नमली.

हुंडा ठरला तो असा: बीच क्रीक रेल्वेचे पंचवीस लाख डॉलरचे शेअर, त्यावर चार टक्के लाभांशाची हमी. शिवाय नवऱ्याला आणि बायकोला प्रत्येकी वर्षाला एक लाख डॉलर, तहहयात. देण्याघेण्याच्या याद्या आपण पाहिल्यात. ही यादी रेल्वेच्या शेअरबाजारातली होती.

ड्यूकला एवढी निकड कसली? ऑक्सफर्डजवळचा त्यांचा ब्लेनम पॅलेस म्हणजे बडा घर पोकळ वासा. १८७०च्या दशकापासून अमेरिकेचा स्वस्त गहू रेल्वेनं बंदरावर आणि आगबोटीनं इंग्लंडात येऊ लागला. धान्याचे भाव कोसळले, कुळांकडून येणारा खंड आटला. ब्लेनममधून आधी रत्नं गेली, मग ग्रंथसंग्रह. १८८५मध्ये राफाएलचं एक चित्र सत्तर हजार पौंडांना नॅशनल गॅलरीनं घेतलं. गंमत पाहा, ते धान्य बंदरापर्यंत ओढणाऱ्या रेल्वेंपैकी एक व्हँडरबिल्टांचीच. ज्या रुळांनी जमीनदारी खिळखिळी केली, त्याच रुळांचा पैसा सुनेबरोबर घरात आला.

आणि ती काही या घराण्यातली पहिली अमेरिकन सून नव्हे. १८७४मध्ये जेनी जेरोम सातव्या ड्यूकच्या धाकट्या मुलाशी, लॉर्ड रँडॉल्फ चर्चिलशी लग्न करून आली. त्याच वर्षी तिचा मुलगा विन्स्टन ब्लेनममध्येच जन्मला. १८८८मध्ये आठव्या ड्यूकनं, म्हणजे आपल्या नवरदेवाच्या वडिलांनी, लिली हॅमर्सली या श्रीमंत अमेरिकन विधवेशी लग्न केलं. तिच्या पैशाच्या जोरावर १८९१मध्ये ब्लेनमच्या ग्रंथालयात भलामोठा ऑर्गन बसला. पुस्तकं विकली गेलेल्या खोलीत ऑर्गन!

हे वारं एका घरापुरतं नव्हतं. भारताचा व्हाइसरॉय झालेल्या लॉर्ड कर्झनची पत्नी मेरी ही शिकागोच्या लेव्ही लायटर या व्यापाऱ्याची मुलगी. १९०३च्या दिल्ली दरबारात तिनं घातलेला मोरपिशी नक्षीचा पोशाख भारतीय कारागिरांनी जरीनं भरला होता.

कॉन्सुएलोला दोन मुलगे झाले, वारस मिळाला, घराची डागडुजी झाली. १९०६मध्ये दोघं वेगळी झाली, १९२१मध्ये घटस्फोट. ड्यूकनं त्याच वर्षी ग्लॅडिस डीकनशी लग्न केलं. तीही अमेरिकनच!

१९२६मध्ये पहिलं लग्न चर्चकडून रद्द ठरवण्यासाठी साक्षी झाल्या. तिथं आल्वानं स्वतः कबूल केलं, की मुलीवर जबरदस्ती मीच केली होती. मायलेकींचं तोवर चांगलं जमू लागलं होतं, हे मात्र नवलच.

कॉन्सुएलो १९६४मध्ये अमेरिकेत वारली. तिला पुरलं मात्र ब्लेनमपासून हाकेच्या अंतरावर, ब्लेडनच्या दफनभूमीत, धाकट्या मुलाशेजारी. जेनीची कबरही तिथंच आहे.