थाप पत्ते बदलतानाच मारायची

मंडळी, फाइव्ह कार्ड ड्रॉ या पोकरच्या प्रकारात (पाच पत्ते मिळतात, हवे ते एकदा बदलता येतात, बदलाआधी आणि नंतर पैसे लावायचे) समोरच्याचा एकही पत्ता उघडा नसतो. त्याच्याबद्दल खात्रीनं कळतं ते दोनच गोष्टींतून: त्यानं किती पैसे लावले आणि किती पत्ते बदलले. चेहरा वाचायच्या गप्पा मला फारशा पटत नाहीत. त्यामुळे शेवटच्या बेटला, म्हणजे पैसे लावताना, ब्लफ (थाप) सुचला, तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. तीन पत्ते बदलले म्हणजे हातात जोडी, हे सगळ्यांनी ओळखलेलं असतं. मग फ्लश (पाचही पत्ते एकाच चिन्हाचे, जसे सगळे बदाम) लागल्याच्या थाटात पैसे पुढे सरकवले, तर विश्वास कोण ठेवणार?

एकही पत्ता न बदलणं, ही सगळ्यात मोठी थाप. पण स्ट्रेट (ओळीनं पाच पत्ते) किंवा त्याहून वरचा हात पहिल्याच वाटपात येतो सरासरी १३२ डावांत एकदा. आणि तुम्ही थोड्या वेळात तिसऱ्यांदा ‘नको, हेच चालतील’ म्हणालात, तर कुणीतरी कॉल करणारच, म्हणजे तेवढेच पैसे लावून तुमचे पत्ते पाहणारच. शिवाय बदलाआधी रेज केलेलं, म्हणजे रक्कम वाढवलेली हवी. तेव्हा गुपचूप कॉल करून नंतर पत्ते न बदलणाऱ्याची गोष्ट जुळत नाही.

खरी मजा एक पत्ता बदलण्यात आहे. समोरच्याला काहीही वाटू शकतं: दोन जोड्या असतील, फ्लशची आशा असेल, कदाचित तीन सारखे पत्ते असून एक उगाच धरून ठेवला असेल. समजा, तुमच्याकडे बदामचे राजा, नव्वी, सत्ती, चौकी आहेत आणि तुम्ही किलवरची तिर्री टाकली. न पाहिलेल्या ४७ पत्त्यांपैकी ९ बदाम. म्हणजे फ्लश लागायची शक्यता साधारण १९ टक्के. आता पत्ता उचलायच्या आधीच ठरवा: बदाम आला तर बेट, आणि काळा एक्का किंवा काळी राणी आली तरीही बेट. हे चार पत्ते तुमचे ब्लफ. बाकी ३४ पत्त्यांवर गप्प बसायचं.

चारच का? पॉट (मध्ये जमलेले पैसे) १०० आहे, तुम्ही १०० लावले आणि समोर साधी जोडी आहे. अशा १३ बेट त्यानं कॉल केल्या, तर चारदा त्याला २०० मिळतात, नऊदा १०० जातात. एकूण १०० तोटा. आणि कायम फोल्ड केलं (पत्ते टाकून डाव सोडला), तर तुमचे चारही ब्लफ फुकटात पचतात. थापेचं प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलं, की मात्र त्याला कॉल परवडायला लागतो. निवड पत्त्यांवर सोपवायची ती मनाच्या लहरीला लय असते म्हणून. सराईत खेळाडू ती पकडतो.

थापेसाठी हातही टाकाऊच हवा. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन आणि अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ साली पोकरचं सोपं गणिती रूप मांडलं, त्यातही ब्लफ निघतो तो सगळ्यात वाईट हातांनी. मधल्या हातांना शो झाला तरी जिंकायची थोडी आशा असते, ती कशाला घालवायची?

हे सारं फोल्ड करू शकणाऱ्या माणसासाठी. काहींना समोरचे पत्ते पाहिल्याशिवाय चैनच पडत नाही. त्यांच्यासमोर ते चार काळे पत्ते विसरा आणि फक्त नऊ बदामांवर बेट लावा.