खरगपूरची धावपट्टी कुणाच्या जमिनीवर?

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

जाहीर झालेला विषय 'खरगपूरचा बॉम्बर-तळ'. खरगपूर म्हटलं की आपल्या नागपूरकरांना दोनच गोष्टी आठवतात. मुलगा जेईईला बसत असेल तर आयआयटी, आणि स्पर्धापरीक्षा देत असेल तर लांबच लांब प्लॅटफॉर्म! (हशा) हसा, पण १९४४ मध्ये जपानवर बॉम्ब टाकायला निघालेल्या अमेरिकी बी-२९ विमानांचं मुख्यालय या खरगपुरात होतं. चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी आणि खरगपूर असे चार मुख्य तळ, आणि कारभार खरगपूरजवळच्या हिजलीच्या इमारतीतून.

ही इमारत नीट बघा. १९३० साली इंग्रजांनी तिथं राजबंद्यांची छावणी उघडली. १६ सप्टेंबर १९३१ ला नि:शस्त्र कैद्यांवर गोळीबार झाला. संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त जागीच गेले. त्यांचे देह न्यायला सुभाषबाबू स्वतः आले होते. पुढे त्याच आवारात अमेरिकन जनरल नकाशे पसरून बसले, आणि १९५१ मध्ये आयआयटीचे वर्ग भरू लागले. वीस वर्षांत एका वास्तूचे तीन अवतार!

माझं म्हणणं एवढंच, की विमानतळाचा इतिहास विमान उडाल्यापासून सुरू करू नये. तो जमिनीपासून सुरू करावा. ही जमीन बंगालमधल्या मेदिनीपूर जिल्ह्याची. आपल्याकडे साताऱ्यात प्रतिसरकार होतं, तसं तिथं तमलुकला 'जातीय सरकार', म्हणजे राष्ट्रीय सरकार होतं. सत्तरी ओलांडलेल्या मातंगिनी हाजरा तिरंगा हातात घेऊन चालत गेल्या आणि गोळ्या खाऊन पडल्या, ते सप्टेंबर १९४२ मध्ये. दोन-अडीच आठवड्यांतच किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळलं. सरकारी हिशेबानंच १४,००० च्या वर माणसं गेली. त्याआधी जपान्यांच्या धास्तीनं इंग्रजांनी किनारपट्टीवरच्या होड्या ताब्यात घेतल्या होत्या. कोळ्याची होडी गेली, मग शेतकऱ्याचं पीक गेलं, आणि १९४३ उजाडलं ते दुष्काळ घेऊन.

त्या दुष्काळाच्या पाठीवर हे तळ वाढवले गेले. बी-२९ चं भरलेलं वजन ६० टनांच्या आसपास, जुन्या धावपट्ट्या आखूड पडत होत्या. रोलर आणि यंत्रं अमेरिकन, पण खडी डोक्यावरून वाहिली ती इथल्या मजुरांनी, त्यांत बायकाही होत्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, एकामागे एक रांग. वैमानिकांची नावं, विमानांची टोपणनावं, कुठलं इंजिन कधी पेटलं, सगळं छापलेलं सापडतं. टोपलीमागे मजुरी किती, शेत कुणाचं गेलं, नुकसानभरपाई मिळाली का, हे त्या पुस्तकांत शोधून दमलो. याचा मला मनापासून राग आहे.

पाचच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय. बॉम्बफेकीचं तर राहूनच गेलं! भराभर सांगतो.

पहिलं विमान चाकुलियाला उतरलं २ एप्रिल १९४४ ला. पहिली मोहीम ५ जूनला, बँकॉकवर. १५ जूनला जपानमधल्या यावाताच्या पोलाद कारखान्यावर हल्ला झाला. लक्ष्यावर बॉम्ब जवळजवळ पडलेच नाहीत. मूळ दुखणं पेट्रोलचं. जपान गाठायला आधी चीनमधल्या चेंगडूला जायचं, वाटेत हिमालय, आणि तिथलं पेट्रोलही याच विमानांनी वाहून न्यायचं. एका हल्ल्याच्या तयारीला सहा-सहा खेपा! त्यात उन्हाळ्यात इंजिनं तापून पेटायची. ऑगस्टअखेर नवे सेनापती म्हणून जनरल कर्टिस लमे आले, त्यांनी शिस्त बसवली, पण हिशेब काही जमेना. एकूण ४९ मोहिमा झाल्या, त्यांतल्या जपानच्या मुख्य भूमीवर नऊच. सिंगापूरची गोदी मात्र थेट इथूनच फोडली. प्रशांत महासागरातली मारियाना बेटं हाती आल्यावर १९४५ च्या वसंतात विमानांचा ताफा तिथल्या तिनियन बेटावर हलला.

तळांपैकी काही ओसाड पडले. जवळचं कलाईकुंडा आज आपल्या हवाई दलाकडे आहे.

आता एक विनंती. खरगपूर हे बंगाल-नागपूर रेल्वेचं जंक्शन, आणि या सभागृहात बीएनआरवाल्यांची नातवंडं नक्की असतील. आजोबांची त्या काळात तिकडे बदली झाली असेल, तर घरातल्या ट्रंका उघडा. पगारपत्रक, रेशनकार्ड, मजुरांच्या हजेरीचा कागद, काहीही सापडलं तर माझ्यापर्यंत पोचवा. नमस्कार.