दुर्मीळ, पण ठरवून

(पडद्यावर: उघडा समुद्र, बोटीवरून टिपलेला)

१९६० साल. न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून आत, अटलांटिक महासागरात कचऱ्याचा एक बार्ज निघालाय. त्यावर साय बर्गर नावाचा माणूस आणि खोकीच खोकी. खोक्यांत आहेत १९५२ सालची बेसबॉल कार्डं. ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीसाठी ती बर्गरनेच घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आखली होती. पुढे खेळाडूचं रंगीत चित्र, मागे त्याची कामगिरी, पाकिटात सोबत च्युइंगम. पण त्या वर्षीचा शेवटचा हप्ता दुकानांत पोचला तोवर हंगाम उताराला लागला होता, पोरं फुटबॉलकडे वळली होती. माल पडून राहिला. वर्षानुवर्षं गोदामात जागा अडवून बसला. शेवटी बर्गरने तो समुद्रात सोडला.

त्याच हप्त्यात न्यूयॉर्क यँकीजचा खेळाडू मिकी मँटल होता, कार्ड क्रमांक ३११. विकली गेलेली कार्डंही कुठे धड राहिली? पोरांनी सायकलच्या तारांत अडकवून ती फडफडवली, उरलेली आयांनी आवराआवरीत फेकली. त्यातून जवळजवळ कोरं राहिलेलं एक मँटल ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं.

ही टंचाई कुणी आखली नव्हती. हेळसांडीतून आपोआप झाली होती.

(पडद्यावर: १९८०च्या दशकातली पाकिटं)

जुन्या कार्डांना पैसे मिळतात हे कळलं आणि अख्खी अमेरिका शहाणी झाली. कार्ड हातात पडलं की थेट प्लास्टिकमध्ये. १९८१ पासून फ्लिअर आणि डॉनरस या कंपन्या टॉप्सच्या शेजारी येऊन बसल्या. १९८९ मध्ये अप्पर डेक आली: जाड कागद, होलोग्रॅम, चकचकीत पाकीट. तिचं पहिलंच कार्ड केन ग्रिफी ज्युनियरचं. १९ वर्षांचा पोरगा, मोठ्या लीगमध्ये अजून एकही सामना न खेळलेला! आजही ते कार्ड लोक हौसेने घेतात. पण त्या काळातली बाकीची बहुतेक कार्डं? फेकली कुणीच नाहीत आणि छापली बेसुमार. त्या वर्षांना संग्राहक ‘जंक वॅक्स’ म्हणतात, कारण पाकिटं मेणकागदाची असत. १९९४ मध्ये खेळाडूंचा संप झाला, हंगामाची अंतिम लढत, म्हणजे वर्ल्ड सिरीज, रद्द झाली आणि आधीच डळमळलेला बाजार आणखी खचला.

आजचा छंद त्या पडझडीतून उभा राहिला. कंपन्यांनी एक धडा पक्का गिरवला: टंचाई नशिबावर सोडायची नाही, छापखान्यातच तयार करायची.

(पडद्यावर: तेच कार्ड, वेगवेगळ्या रंगांत)

१९९३ मध्ये टॉप्सने ‘रिफ्रॅक्टर’ आणलं. हलवलं की त्यावर इंद्रधनुष्य सरकतं. मग एकाच फोटोच्या कितीतरी आवृत्त्या निघू लागल्या, त्यांना म्हणतात ‘पॅरलल’. टॉप्सच्याच बोमन क्रोम मालिकेत सोनेरी कार्डं ५०, नारिंगी २५, लाल ५ आणि ‘सुपरफ्रॅक्टर’ फक्त एक. फोटो तोच, खेळाडू तोच, फरक कडेच्या रंगाचा आणि छापलेल्या आकड्याचा. २००९ च्या मालिकेतलं माइक ट्राउटचं सही असलेलं सुपरफ्रॅक्टर २०२० मध्ये ३९ लाख डॉलरच्या वर गेलं.

आकडा झाला, की गुण. पीएसएसारख्या कंपन्या कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध बसलंय का, हे पाहून एक ते दहा गुण देतात आणि कार्ड टणक प्लास्टिकमध्ये कायमचं बंद करतात. नवाची आणि दहाची किंमत कधी कधी कितीतरी पटींनी वेगळी असते. साध्या डोळ्याला तो फरक दिसेलच असं नाही. करोनाच्या काळात या वेडाने टोक गाठलं. मार्च २०२१ मध्ये तुंबलेल्या कामामुळे पीएसएने बहुतेक सेवा काही काळ थांबवल्या. मे महिन्यात एका दुकानाच्या वाहनतळावर कार्डांवरून हाणामारी झाली आणि ‘टार्गेट’ने आपल्या दुकानांतली विक्रीच बंद ठेवली.

‘ब्रेक’ हा प्रकार तर मला सरळ सोरट वाटतो. पैसे भरून एक संघ घ्यायचा, कॅमेऱ्यापुढे दुसरा कुणी खोकी फोडतो, तुमच्या संघाचं निघेल ते तुमचं. काहीच निघालं नाही, तर पैसे गेले.

तरी एका कल्पनेला दाद द्यावी लागते. २०२३ पासून मोठ्या लीगमध्ये पहिला सामना खेळणाऱ्याच्या बाहीवर एक छोटं चिन्ह शिवतात. सामन्यानंतर ते उसवून एकाच कार्डात बसवतात. पॉल स्कीन्स ११ मे २०२४ ला पिट्सबर्ग पायरेट्सकडून पहिल्यांदा चेंडू टाकायला उतरला. त्याचं ते कार्ड लॉस एंजेलिसच्या ११ वर्षांच्या मुलाला नाताळच्या भेटीतल्या पाकिटात मिळालं. पायरेट्सनी बदल्यात ३० वर्षं पूर्ण हंगामाची तिकिटं देऊ केली. कुटुंबाने लिलाव निवडला: मार्च २०२५, ११ लाख १० हजार डॉलर.

(पडद्यावर: कार्ड मेळावा, टेबलांवर लांबट पुठ्ठ्याचे डबे)

या लिलावांपासून लांब, मेळाव्यांत दुसरी एक जमात भेटते: संच पुरा करणारे. टॉप्सची मुख्य मालिका दर फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होते. २०२४ च्या दोन भागांत मिळून ७०० कार्डं होती. राखीव गोलंदाज, बदली यष्टिरक्षक, पुढच्या वर्षी कुणाला नावही आठवणार नाही असे खेळाडू. यांना ‘कॉमन’ म्हणतात आणि ती काही सेंटांना मिळतात. इथे कुणी भिंग काढत नाही. हातात क्रमांकांची यादी, कानामागे पेन्सिल. मिळालेल्या क्रमांकावर काट मारायची आणि पुढचा डबा ओढायचा.